समुद्राकाठचं महाग वर्ष

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली फाउंड्री बंद पडली तेव्हा आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. माझा नवरा तिथं वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचा. त्याच्या हातांवर ठिणग्यांचे काळे डाग कायमचे उमटले होते. काही महिने घरी बसून काढल्यावर शिवाजी पेठेतल्या आमच्याच गल्लीतला एकजण म्हणाला, "गोव्यात चल की. हॉटेलांची रेलिंग बनवायचं काम हाय. पगार हितल्या दीडपट."

दीडपट ऐकून आम्ही घाट उतरलो. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती.

समुद्र आमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होता, पण मधे एका हॉटेलची भिंत होती. ऐकू यायचा, दिसायचा नाही. पगार खरंच दीडपट होता, आणि बाकी सगळं दुप्पट. दूध आमच्याच कोल्हापूरचं यायचं, टोमॅटो बेळगावचे. घाट उतरले की त्यांचा भाव चढायचा. मासळीबाजारात हॉटेलवाले टोपल्याच्या टोपल्या उचलून न्यायचे. उरलेल्या बांगड्यांचा भाव विचारला तर विकणारी बाई वर न बघताच म्हणायची, "तुका परवडचें ना." आम्ही घाटी, हे तिला साडीवरूनच कळायचं.

खोल्या एका ओळीत होत्या आणि सगळ्यांना मिळून नळ एकच. हॉटेलांच्या टाक्या भरल्यावर आमच्या नळाला पाणी. टँकर मागवायची ऐपत कुणाचीच नव्हती. त्या नळावर मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या बाईचे केस धरले. शेजारच्या खोलीतली होती, विजापूरकडची. तिनं माझी घागर लाथेनं उडवली, मी तिची वेणी धरून तिला चिखलात पाडलं. तिनं माझ्या दंडाचा चावा घेतला. बाकीच्या बाया सोडवायला आल्या नाहीत. तेवढ्यात त्यांनी आपापल्या बादल्या भरून घेतल्या.

पावसाळ्यात वर्कशॉपचं काम थंडावलं आणि तिथला मालक अर्धाच पगार द्यायला लागला. एका रविवारी मी न विचारता पाव किलो मटण आणलं. माहेरच्यासारखा तांबडा रस्सा खावासा वाटला होता, एवढंच. नवऱ्यानं भाव विचारला. मी सांगितला. कानाखाली आवाज निघाला तेव्हा क्षणभर मला कळेनाच कुठून आला.

"आठवड्याचा बाजार एका जेवणात घातलीस व्हय गं?"

माझ्या हातात लाटणं होतं. मी ते त्याच्या खांद्यावर घातलं, दोनदा. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि माझ्याकडं बघतच राहिला. घरात त्याच्यावर कुणी कधी हात उचलला नव्हता, माझ्यावरही नाही. नंतर आम्ही दोघं ते मटण जेवलो. टाकून देणं परवडणारं नव्हतं.

पाऊस सरला, हॉटेलांवर दिव्यांच्या माळा लागल्या आणि घरमालक दारात आला. "खोली खाली करा. सीझनला पाहुणे येतात. तुम्ही महिन्याला देता तेवढं ते चार दिवसांत देतात."

"दिवाळीपतोर ऱ्हाऊ द्या की," नवरा म्हणाला. "दुसरी खोली बघतोय."

मालकानं ऐकून घेतलं नि गेला. दोन दिवसांनी, सकाळी मी आमटी उकळत ठेवली होती, तेव्हा तो दोन माणसं घेऊन आला. त्यातल्या एकाच्या हातात लोखंडी पाइप होता. दुसऱ्यानं आत शिरून आमची ट्रंक अंगणात फेकली. माझ्या लग्नातल्या साड्या नळाजवळच्या चिखलात पडल्या. नवरा दारात आडवा झाला. "सामानाला हात लावायचा न्हाय," एवढंच तो म्हणाला. पाइप त्याच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा आला. तो खाली पडला, तरी तो माणूस पाइप पुन्हा उचलत होता.

मी पदरानं पातेलं धरलं आणि उकळती आमटी त्याच्या अंगावर ओतली.

त्याची किंकाळी ऐकून मालक फाटकाबाहेर पळाला, दुसरा त्याच्या मागं. हा मात्र अंगणात लोळत होता, छातीवरची कातडी ओरबाडत होता. मी पातेलं धरून तशीच उभी. सगळ्यांची दारं बंद झाली होती. एकच उघडलं. विजापूरकडची ती बाई आपली भरलेली बादली घेऊन आली आणि तिनं सगळं पाणी हळूहळू त्याच्या अंगावर ओतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अक्का, आता नवऱ्याला घे नि जा."

पोलीस आले. तक्रार मालकानंही केली नाही, आम्हीही नाही. "संध्याकाळनंतर इथं दिसायचं नाही," एवढं बोलून हवालदार गेला. एसटीत नवऱ्याचा हात मी जुन्या साडीच्या झोळीत धरून बसले होते. घाट चढेपर्यंत माझे दात वाजत होते, आणि थंडी अजिबात नव्हती.

मनगट जुळलं, पण वाकडं. ओतकाम परत झेपलं नाही. दुसऱ्या एका फाउंड्रीत त्याला तयार माल तपासायचं काम मिळालं, मी घरी पोळ्या लाटून द्यायला लागले, आणि आमचं भागू लागलं. हात त्यानं परत उगारला नाही. मीही नाही. त्या वर्षाबद्दल आम्ही बोलायचो नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी, मी आमटीला फोडणी देत होते, तो दारात बूट घालत बसला होता. अचानक त्यानं विचारलं, "गोव्यातलं ते पातेलं तू माझ्यावर टाकलं असतंस का गं?"

"त्या दिवशी न्हाय," मी म्हटलं. "मटणाच्या दिवशीचं सांगता येत न्हाय."

त्यानं मान हलवली. दुसऱ्या बुटाची नाडी डाव्या हातानं सावकाश बांधली, सायकल बाहेर काढली आणि कामावर गेला.