पान्हा चोरणारी

गोठ्याचा मुकादम तोंडाचा फटकळ, पण हाताचा मऊ. कितीही नाठाळ गाय असो, त्यानं कासेला हात लावला की पान्हा सोडायची. जनावराच्या मनातलं आपल्याला कळतं, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. माणसं लबाड, जनावराचं ओठात एक आणि पोटात एक नसतं, हे त्याचं नेहमीचं पालुपद.

त्याच्या बायकोला मूल झालं ते मेलेलंच. घरी आल्यावर ती दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. त्याच सुमारास गोठ्यातल्या बांड्या गाईचं वासरू दगावलं. संध्याकाळी बांडी मुकाट वैरण खाताना दिसली, आणि मुकादमानं घरी जाऊन अक्कल पाजळली.

"त्या बांडीकडून शीक जरा. सकाळी वासरू गेलं, संध्याकाळी गव्हाणीत तोंड! रडून का कुणी परत येतं?"

बायको उठली, केस बांधले आणि स्वयंपाकाला लागली. त्यानंतर तिच्या डोळ्यांत पाणी म्हणून दिसलं नाही. मात्रा लागू पडली म्हणून स्वारी खूश!

बांडीनं मात्र दूध आखडलं. "पान्हा चोरते, लबाड!" म्हणत मुकादमानं तिच्या पाठीत दोन रट्टेही घातले. मग एका दुपारी धुतलेल्या फरशीवर घसरायला नको म्हणून तो बूट काढून अनवाणीच आत शिरला. त्याची चाहूल लागली नाही. बांडी दाव्याला ताण देऊन वासराचा रिकामा खुंटा चाटत होती. घशातून बारीक हुंकार चालला होता. तेवढ्यात मुकादमाचा पाय बादलीला लागला. तशी ती चटकन वळली आणि गव्हाणीत तोंड घालून चघळायला लागली. गव्हाणीत काडीसुद्धा नव्हती.

जनावर दुखणं लपवतं ते ज्याची भीती वाटते त्याच्यापासून, हे नव्या गड्यांना मुकादमच शिकवायचा. म्हणजे बांडी त्याला भीत होती. आणि घरात जी होती ती? त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की काम तसंच टाकून तो घराकडे सुटला.

दार लोटलेलं होतं. बायको पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. दार करकरताच ती ताडकन उठली. चेहऱ्यावर हसू तयार.

"अगंबाई, आज लवकर? थांबा, चहा टाकते."

"त्या दिवशी मी बांडीचं नाव काढून तुला बोललो," तो कसाबसा म्हणाला. "चुकलं माझं."

"कधी? काय बोललात? मी तर विसरूनसुद्धा गेले."

बोलता बोलता तिनं फळीवरचं ताट ओढलं आणि छातीशी घट्ट धरलं. पण ताट लहान पडलं. कपड्यावर पसरलेला दुधाचा ओला डाग कडेनं दिसत होता. असं काही ना काही पुढे धरून ती किती दिवस त्याच्यासमोर वावरत होती, कोण जाणे. मुकादमाला मान वर करवेना.