सात पेन्सिली

आमचा रघुवीर सी.ए. झाला हे लालबागेत अजून कौतुकाने सांगतात. सुभद्रेच्या, म्हणजे माझ्या, दिराने चाळीचं नाव काढलं म्हणतात. म्हणोत बापडे. पण त्याआधी तो दोनदा नापास झाला होता, आणि का नापास झाला हे त्या मोठमोठ्या साहेबांना कळलं नाही, ते चौथी शिकलेल्या मला कळलं. बढाई मारत नाही हं. कळलं त्याचं पुढे काय झालं ते ऐका, मग ठरवा.

मी लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा रघू नऊ वर्षांचा होता. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्याच्या नाकापासून नखांपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. दीर कसला, पोरच ते माझं. आमचे हे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. सगळी चाळ त्यांना तात्या म्हणायची. आता या वयात मीही म्हणते, लाजायचे दिवस कधीच गेले. तात्यांच्या डोक्यात एकच होतं, काय वाट्टेल ते होवो, रघू गिरणीत जाता कामा नये. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी महिन्याच्या पैशांवर जेवणाऱ्या सहा खाणावळींना जेवू घालायची, त्या गोंधळात पोरगा मॅट्रिक झाला. फोर्टात एका ऑडिटरकडे कारकून म्हणून चिकटला, सकाळच्या कॉलेजातून बी.कॉम. झाला आणि मग त्याच साहेबांकडे सी.ए.साठी उमेदवारी केली.

साहेबांचं नाव श्यामकांत. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले, कोटाची सगळी बटणं लावून बसणारे. माणूस वाईट नव्हता, पण शिस्त अशी की हाताखालच्यांनी जे लिहायचं ते आधी पेन्सिलीने. साहेब तपासणार, त्यांनी मान हलवली की मगच त्यावर शाई. साहेबांनी न बघितलेल्या कागदावर शाईचा ठिपका दिसला तर सगळ्यांसमोर उद्धार. सोळाव्या वर्षापासून रघूने हेच केलं. पेन्सिल, मान, शाई.

पंचावन्नच्या श्रावणात दुसऱ्यांदा नापास झाल्याचं पत्र आलं. त्याने घडी करून खिशात ठेवलं आणि पानावर येऊन बसला. जेवला काही नाही, नुसता भात चिवडत राहिला. नोव्हेंबरच्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरला नाही. मी दोन महिने गप्प बसले, मग एका दुपारी माझा पारा चढला. म्हटलं, "रघ्या, मेल्या, मे महिन्यात बसायचं असेल तर आजपासून अभ्यासाला लाग, नाहीतर हे पुस्तकांचं ओझं फळीवरून काढ. मला डबे ठेवायला जागा नाही."

"बसून उपयोग काय वहिनी? मला येतं सगळं. तिथे गेलो की वेळच पुरत नाही."

"वेळ का पुरत नाही ते मी बघते," म्हटलं.

मग दर रविवारी, खाणावळी जेवून गेले की मी त्याला गॅलरीत ट्रंकेवर बसवायची. शेजारच्या जाईबाईचं गजराचं घड्याळ आणून समोर ठेवायची. तीन तास. जुनी प्रश्नपत्रिका, पाच प्रश्न. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मी आपली तांदूळ निवडत बाजूला. तिसऱ्या रविवारी केर काढताना ट्रंकेखाली बघते तर रबराचा चुरा, मूठभर. मी त्याचे कागद उचलले. तीन उत्तरं शाईत, सुबक, मोत्यासारखी. उरलेली दोन पेन्सिलीत. आणि शाईच्या अक्षरांखाली नीट बघितलं तर तिथेही पुसलेली पेन्सिल.

"रघ्या, तू हे सगळं दोनदा लिहितोस?"

त्याने कागद माझ्या हातातून ओढून घेतले.

"परीक्षेतपण?"

"आधी कच्चं केल्याशिवाय माझा हातच उठत नाही, वहिनी," तो खाली बघून म्हणाला. "दोन्ही वेळा शेवटचे दोन-दोन प्रश्न पेन्सिलीतच राहिले. गिरवायच्या आधी घंटा झाली. पेन्सिलीतलं कोण तपासतो?"

अरे देवा! मला रडावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा कळेना. "मी भाकरी आधी खोटी थापते आणि मग खरी थापते का रे? करपली तर करपली, खायला घालते ना तुम्हाला?" म्हणाले, आणि त्याच्या खिशातून, ट्रंकेतून, कानामागून सगळ्या पेन्सिली काढून घेतल्या. सात निघाल्या. धुण्याच्या सोड्याच्या डब्यात टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं. "आता शाई. चुकलं तर रेघ मार आणि पुढे लिही."

पहिले काही दिवस बघवत नव्हतं. खरं सांगते, सत्तावीस वर्षांचा घोडा, कोऱ्या कागदावर शाईचं पेन टेकवताना घामाघूम व्हायचा. लिहायचा, रेघ मारायचा, कागद फाडायचा, परत लिहायचा. पूर्वी वर्षभर पुरायची ती शाईची बाटली महिन्यात तळाला गेली. पण संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी तीन तासांत चार प्रश्न शाईत झाले. तात्या दुसऱ्या पाळीला निघाले होते, त्यांनी कागद हातात घेऊन उगाच उलटसुलट केला आणि हसत जिना उतरले.

आणि संक्रांत सरते न सरते तोच त्या जानेवारीत भडका उडाला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि सगळं गिरणगाव पेटलं. मोर्चे, दगड, अश्रुधूर, गोळीबार. संचारबंदी लागली. गिरण्या बंद, ऑफिसं बंद. खालून पोरं ओरडायची, "ए सी.ए., पुस्तकं ठेव, खाली उतर!" एकाने तर दारावर बांगडी फेकली. रघूचा चेहरा पडायचा. तात्या आपल्या मालवणीत म्हणायचे, "मी जातंय मा मोर्चाक? घरातलो एक पुरे. तू लिव." कानठळ्या बसवणाऱ्या घोषणांत आमचा रघू कॉस्टिंगचे प्रश्न सोडवत होता. गॅलरीत बसायची सोय नव्हती, म्हणून मोरीशेजारी.

संचारबंदीच्या तिसऱ्या दिवशी शाई संपली. दौत उपडी केली तरी थेंब पडेना. "वहिनी, दोन दिवसांपुरती एक पेन्सिल दे," रघू म्हणाला.

"मिळणार नाही."

"अगं पण..."

"म्हटलं ना, मिळणार नाही." अशी मी. मला वाटलं, आता पेन्सिल हातात दिली की इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल.

सकाळी दोन तास संचारबंदी उठायची. रघू खाली नळावर पाण्याच्या रांगेत होता. मी तात्यांना म्हटलं, "कोपऱ्यावर बाबुरावांचं दुकान अर्धं उघडलंय म्हणे. तेवढी शाईची बाटली आणा." ते चपला घालून गेले. येताना नाक्यावर पळापळ झाली आणि कुठून तरी गोळी आली. उजव्या कोपरातून आरपार गेली.

रघूने आणि चाळीतल्या चौघांनी त्यांना दरवाजाच्या फळीवर घालून के.ई.एम.ला नेलं. मी चंपाला, माझ्या दोन वर्षांच्या पोरीला, कडेवर घेऊन जिन्यात उभी होते. जाताना रघू ओरडला, "तात्या बाहेर कशाला गेला होता?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चंपाच्या दुधाला."

खरं सांगितलं असतं तर पोराने जन्मात दौतीला हात लावला नसता. तात्या शुद्धीवर आल्यावर मी त्यांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "बरा केलस. दूधच." एवढ्या दुखण्यात तेवढंच बोलले. मी हॉस्पिटलात त्यांचा सदरा मागितला, तर रघू म्हणाला तो फेकून दिला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. त्या सदऱ्याच्या खिशात बाटली असणार, हीच भीती होती.

जीव वाचला, कोपर गेलं. हात वाकेना, मूठ वळेना. साच्यावर दोन्ही हात लागतात. आणि रघूने पुस्तकं बांधून फळीवर ठेवली. ऑफिसातून आला की तात्यांची उशी नीट कर, चंपाला खेळव, असं चाललं होतं. मार्च लागला. एके दिवशी त्याने टाइप केलेला कागद आणला. तात्यांची जागा धाकट्या भावाला बदलीत द्यावी, असा गिरणीला अर्ज. जॉबरशी, म्हणजे खात्यातल्या मुकादमाशी, तो परस्पर बोलून आला होता.

मी जे तोंड सोडलं! "बी.कॉम. होऊन साचा चालवणार? याच्यासाठी तुझ्या भावाने..." आणि जीभ चावली. पुढचं वाक्य गिळलं ते अजून घशात आहे.

तात्यांनी हाताने मला गप्प केलं. "काय करूचा आसा माका?"

"सही, तात्या. डाव्या हाताने जमेल. मी नाव पेन्सिलीने काढून ठेवलंय, तू नुसतं शाईने गिरव." पेन्सिल त्याने ऑफिसातून आणली असणार. आपलं भरलेलं पेन त्याने पुढे केलं.

तात्यांनी कागद मांडीवर घेतला. पेन्सिलीने काढलेल्या आपल्या नावावरून डावा अंगठा फिरवला. मग रघूलाच म्हणाले, "कागद धर घट्ट." आणि डाव्या हाताने, नाव सोडून, मजकुराच्या मधोमध लिहायला लागले. केवढी वेडीवाकडी अक्षरं! पेन अडकलं, कागद टरकन फाटला, शाई फुटली. पण लिहिलं. ‘नाही’. एवढंच.

"मी गिरणीत गेलंय, तो तू जाव नये म्हणान," ते म्हणाले. "आता पूस बघू ह्या."

रघूने ओल्या शाईवर बोट टेकवून बघितलं. मग तोंड फिरवून भिंतीकडे बसला, आणि त्याचे खांदे हलताना मला दिसले. मीही पदर तोंडात कोंबला. दुसऱ्या दिवशी येताना त्याने शाईची नवी बाटली आणली आणि पुस्तकं खाली काढली. मी सहाचे नऊ खाणावळी केले. मार्च, एप्रिल कसे गेले ते माझ्या कमरेला विचारा.

मे महिन्यात परीक्षा. ऑडिटिंगचा पेपर हा दोन्ही वेळचा वैरी. त्या दिवशी जाईबाईचं घड्याळ समोर ठेवून मी आणि तात्या बसलो होतो. तिसरा तास संपला तेव्हा तात्या म्हणाले, "झाली घंटा." तासाभराने रघू आला. बोटं, मनगट, शर्टाची बाही, सगळीकडे शाई.

"पाचही लिहिले," तो म्हणाला. "एक चुकला. खोडून खाली परत लिहिला."

"अक्षर?"

"घाण आलंय, वहिनी."

घाण अक्षर आलं म्हणून एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

निकालाचं पत्र पावसाळ्यात आलं. रघूने उभ्यानेच फोडलं, वाचलं आणि तात्यांच्या मांडीवर ठेवलं. पास. मी पेढ्यांना धावणार, जाईबाईला हाक मारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब वहिनी. आधी बस."

त्याने ट्रंक उघडली. अगदी तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तात्यांच्या समोर उलगडलं. तात्यांचा सदरा. उजवी बाही गंजल्यासारखी काळी पडलेली. आणि छातीवरच्या खिशापासून खालपर्यंत सगळा निळा.

मी तो परत गुंडाळायला हात पुढे केला.

"हॉस्पिटलात माझ्याच हातात दिला होता," रघू म्हणाला. "खिशात काचा होत्या. त्या दिवशी दुपारी घरी आलो तेव्हा दुधाला न्यायची लोटी फळीवर तशीच होती. ऑडिट शिकलोय मी, वहिनी. तुम्हा दोघांचं खोटं पहिल्याच दिवशी पकडलं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर तूच स्वतःला खात बसली असतीस. आणि मला वाटलं होतं, आता शाईला हात लावणारच नाही. पण ज्याचा हात शाईपायी गेला, त्यानेच दुसऱ्या हाताने शाईत लिहून दाखवलं. मग मी कुठल्या तोंडाने मागे फिरणार होतो?"

मी रडत होते, त्याला शिव्या घालत होते, दोन्ही एकदम चाललं होतं. तात्यांनी डावा हात त्या निळ्या डागावर ठेवला.

"रघ्या," ते म्हणाले, "बाटली फुटली म्हणान माका लय वायट वाटलेला रे. भरलेली होती."