तेजल पगारेचं कंसांचं पान

आम्ही प्रोग्राम लिहायचा एडिटर बनवतो, आणि आमच्या ऑफिसात एक जाचक नियम आहे. एडिटरच्या मदतीचं पान ज्याने लिहिलं, त्याने ते वाचणाऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. वाचणारा अडो, चिडो, आपण गप्प. नियम ज्ञानेश सरांचा. एरवी माणूस भला, पण मालक असल्यामुळे इथे कुणाचं ऐकत नाही.

तेजल पगारे आमच्याकडे आली ती द्वारका चौकाजवळच्या डीटीपीच्या दुकानातून. लग्नपत्रिका लावून लावून तिची नजर अशी बसली होती, की मामा-मावश्यांच्या नावांतलं एखादं केसभर सरकलं तरी तिला चैन पडायचं नाही. तीन महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं आणि पहिलंच काम दिलं ते घाम फोडणारं: आमचा एडिटर लिस्पच्या ओळी आपोआप कशा सरकवतो, ते नवख्याला कळेल असं लिहायचं. पान पास झालं तर नोकरी पक्की, नाहीतर परत दुकान. "ताई, तिथं मी जन्मभर दुसऱ्याचाच मजकूर लावणार," ती मला म्हणाली होती. "मला स्वतःचा लिहायचाय."

लिस्प म्हणजे कंसांची भाषा. कंसात कंस, त्यात आणखी कंस. ओळ कोणत्या कंसाच्या पोटात आहे ते एडिटर मोजतो आणि टॅब दाबलं की तिला तेवढी आत नेऊन बसवतो. हे मोजणारा प्रोग्राम मी लिहिलाय आणि मला त्याचा गर्व आहे. समजावून सांगायला मात्र मला बोलवू नये, मी लगेच चिडते.

पान वाचायला मनमाडच्या कॉलेजातले नवनाथ सर आले. त्यांना हा एडिटर मुलांना शिकवायचा होता. त्यांनी पानावरचं उदाहरण जसंच्या तसं टाइप केलं, टॅब दाबलं आणि ओळ भलतीकडेच, उजवीकडे जाऊन बसली. पानावर ती सरळ होती. पुन्हा दाबलं, तरी तिथेच. "बिघडलाय तुमचा एडिटर," ते म्हणाले आणि गाडी गाठायला निघून गेले. मागे तेजल ओठ घट्ट मिटून बसली होती.

माझा पारा चढला. माझा एडिटर बिघडेल? उदाहरण पाहिलं तर एक कंस गायब.

"अगं, इथला कंस कुठे गेला?"

"मूळ उदाहरणात शेवटी तीन कंस एकाला एक चिकटून होते. मला वाटलं टायपिंगची चूक आहे, म्हणून एक काढला."

"मग खालची ओळ सरकली नाही?"

"सरकली ना. वाईट दिसत होती. स्पेस काढून सरळ केली."

मी कपाळाला हात लावला. बिचारा एडिटर ओरडून सांगत होता की वर कंस कमी आहे, आणि हिने त्याचं तोंड दाबून ओळ देखणी केली! हे मी बोलून दाखवलं, जरा जोरातच. ती रडेल असं मला वाटलं. पण ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ओळ सरकते ती चूक दाखवायला? मग पानाची सुरुवातच इथून करायला हवी."

तिने सगळं पान पुसून नव्याने लिहिलं. पहिलंच वाक्य होतं: 'ओळ भलतीकडे गेली तर तिला हाताने ओढून सरळ करू नका, आधी वरच्या ओळीतले कंस मोजा.'

ज्ञानेश सरांनी गळ घातली म्हणून नवनाथ सर पुन्हा आले. या वेळी स्वतःच्या मनाने टाइप करताना त्यांच्याकडूनच एक कंस राहिला. ओळ उजवीकडे पळाली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेजलने पदराचं टोक मुठीत आवळलं. मला तर ओरडून सांगावंसं वाटत होतं. सरांनी पान पाहिलं, मग बोट वरच्या ओळीवर ठेवून कंस मोजले. राहिलेला टाकला, खाली येऊन टॅब दाबलं. ओळ जागेवर.

"हे लिहिणाऱ्याने ही चूक स्वतः केलेली दिसते," नवनाथ सर हसत म्हणाले. "नाहीतर मी कुठे अडणार हे त्याला कसं कळलं असतं?"

तेजलने ज्ञानेश सरांकडे पाहिलं. "बोला आता," ते म्हणाले. "पक्की नोकरी असलेल्याने किती वेळ गप्प बसायचं?"

"मीच केली होती, सर," ती म्हणाली. स्वतःची चूक इतक्या आनंदाने सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.