चंबूची मान

संशोधन संस्थेत त्यांना सगळे फुंकरमामा म्हणत. पद काचतंत्रज्ञाचं, श्रेणी दोन. शास्त्रज्ञांना जे भांडं बाजारात मिळत नसे, ते मामा ज्योतीसमोर बसून फुंकून देत. एकतीस वर्षांत गाल सैल पडले आणि आगीकडे बघून बघून उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला.

दोन देशांच्या सरकारांनी हवेच्या संशोधनाचा करार केला, तेव्हा मामा चाळिशीत होते. उंच डोंगरांवरची हवा काचेच्या चंबूंत कोंडायची आणि दोन्हीकडच्या प्रयोगशाळांत तपासायची, असं ठरलं. तपासणीची यंत्रं त्यांची, चंबू आपले. करारात एक कलम असंही होतं, की कारागिरांनी एकमेकांकडे जाऊन काम पाहावं. त्या कलमाखाली मामांचं नाव तीनदा गेलं. पहिल्यांदा पदवी नसणं आडवं आलं. दुसऱ्यांदा दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि दौराच रद्द झाला. तिसऱ्यांदा सगळं जुळलं, तर वैद्यकीय तपासणीत डोळा नापास. तेव्हा बायकोने बाहेर काढलेली बॅग पुन्हा माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "सरकारी काम आणि सहा महिने थांब. तुमची तर अठरा वर्षं झाली." मामांना वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आला होता.

निवृत्तीला चार महिने उरले असताना तिकडूनच पाहुणी आली. तीही काचकामवाली, पन्नाशीची, हातांवर भाजल्याचे डाग. भाषा कळेना, म्हणून करार विभागातल्या बाई दुभाषी म्हणून बसल्या. पाहुणीने मामांची फुंकणी उचलून पाहिली, बर्नर पाहिला, मग फडक्यात गुंडाळलेला एक चंबू टेबलावर ठेवला. चंबू मामांचाच होता. मानेशी, जिथे नळी पोटाला जोडतात तिथे, बारीक तडा गेला होता.

पाहुणी बराच वेळ बोलली. करार विभागातल्या बाई सांगताना अडखळल्या. तिकडे थंडी फार, त्यात मामांचा प्रत्येक चंबू याच जागी तडकतो. जोड जाड राहतो, मान आणि पोट एकसारखं निवत नाही. अकरा वर्षं ही पाहुणी ते सांधत बसली आहे.

"अकरा वर्षं?" मामांनी विचारलं. "मग कळवलं का नाही?"

पाहुणीने तीनदा लिहिलं होतं, आकृती काढून. पत्रं तिच्या संस्थेतून तिच्या मंत्रालयात, तिथून आपल्या मंत्रालयात गेली होती. बाईंनी जुनी फाईल मागवली. तिन्ही पत्रं आत होती. प्रत्येकावर शेरा होता, 'माहितीसाठी. कार्यवाही नको.'

मामा स्टुलावर बसले. राग आला, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना. कागदी घोडे नाचवणारे कधीच बदलून गेले होते. अठरा वर्षं डोळ्यांत तेल घालून केलेलं काम त्यांना एका दमात अंगावर आल्यासारखं झालं. पाहुणीही दमलेलीच दिसत होती. तिने नुसतीच ज्योत पेटवली.

त्या आठवड्यात दोघांनी मिळून सहा चंबू केले. मामांना जोड नीट दिसत नव्हता, तेव्हा ती त्यांचा हात धरून काच कुठे पातळ करायची ते दाखवी. मामांची फुंकर मात्र तिच्याहून सम होती. ती दोनदा थांबून नुसती ऐकत राहिली. बोलणं फारसं झालं नाही. दुभाषी बाई तिसऱ्या दिवसापासून खुर्चीत पेंगू लागल्या.

निघताना मामांनी तिला घरचा पत्ता लिहून दिला. म्हणाले, "हिला सांगा, पुढच्या वेळी मलाच लिही. मंत्रालयाला त्रास नको."

संयुक्त समितीच्या अहवालात नोंद झाली, की तांत्रिक देवाणघेवाणीबद्दल उभय पक्षांनी समाधान व्यक्त केलं. मामांनी आपलं चंबूगबाळं आवरलं. त्यांच्या जागी कोणी नेमलं नाही. पुढचे चंबू बाहेरून मागवायचं ठरलं.

हिवाळा सरताना घरी पत्र आलं. मुलीने ती भाषा येणाऱ्या शेजारच्या मास्तरणीकडून त्याचा अर्थ लावून आणला. सहापैकी चार चंबू शाबूत होते. दोन फुटले, पण मानेशी नव्हे, तळाशी. सोबत आकृती होती.

"आता तुम्हाला काय त्याचं?" बायको म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या आधी."

मामांनी आकृती खिडकीपाशी नेली आणि डाव्या डोळ्याजवळ धरली. तळ फार सपाट झाला होता. ही चूक दोघांची होती. उत्तरात नवा तळ काढून पाठवायला त्यांनी मुलीकडे पेन्सिल मागितली, पण रेघ नीट दिसेना, गोल जमेना. शेवटी त्यांनी तो गोल मुलीला काढायला लावला आणि शेजारी बसून, कुठे किती वळवायचं ते सांगत राहिले.