परशराम आचाऱ्याचं नाक

सीमाभागातल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीच्या मागच्या अंगाला, लोखंड ओतायच्या एका जुन्या फाउंड्रीच्या भिंतीला लागून मारुतीरावांची मटण खानावळ आहे. परशराम तिथं बावीस वर्षं आचारी. कडोलीहून सकाळच्या बसनं यायचा, शर्ट खुंटीला अडकवायचा, बनियनवर भट्टीपुढं उभा राहायचा आणि दुपारची शिफ्ट सुटेपर्यंत कुणाशी फारसं बोलायचा नाही. त्याच्या हातच्या सुक्क्या मटणासाठी एके काळी माणसं बाहेर मोटारसायकलवर बसून पाळीची वाट बघायची. मोठ्या कारखान्यांनी आपापली कँटीनं काढली, तरणी पोरं मोबाईलवरनं बिर्याणी मागवायला लागली, आणि दहा टेबलांच्या खानावळीत दुपारी तीन टेबलं भरली तरी मारुतीराव देवाला हात जोडायला लागले. पण परशरामच्या हाताचं नाव गावात अजून तसंच होतं.

त्या नावातली एक गोष्ट दोघांनाच ठाऊक होती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत परशरामला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, पण वास गेला तो गेलाच. मीठ कळायचं, आंबट कळायचं, मिरचीचा ठसका लागायचा. पण खोबरं भाजताना सुटणारा खमंगपणा, कांदा गुलाबी झाल्याचा गोडसर वास, मटण शिजत आल्याची खूण, सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं. आठ दिवसांत येईल म्हणाला. मग महिन्यात येईल म्हणाला. डॉक्टरकडं गेला नाही. गेलं की गावभर होणार, परशराम आचाऱ्याला वास येत नाही म्हणून. बायकोलाही, जयाबाईलाही त्यानं पत्ता लागू दिला नाही. तेलाच्या आवाजावर आणि मसाल्याच्या रंगावर तो रेटत राहिला.

खानावळीत भाकऱ्या थापायला नीलम नावाची बाई होती. खानापूरच्या बाजूची, पस्तिशीची, तोंडानं तुटक आणि कामाला वाघीण. एके दिवशी ती परातीवरनं उठली आणि परशरामच्या पुढ्यातली कढई फडक्यानं धरून सरळ खाली उतरवली.

"अण्णा, खोबरं करपलं की! वास येईना व्हय तुमास्नी?"

परशराम उलथणं हातात धरून नुसता उभा राहिला. नीलमनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ती गप परातीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मसाला भाजताना, मान वर न करता, भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अण्णा, जाळ कमी करू व्हय?"

शेगडी त्याच्या हाताखाली, ती चार हात लांब. परशरामनं चटकन कढई उचलली. तेव्हापासून तेच चाललं. 'जाळ कमी करू व्हय' म्हणजे करपायला लागलंय. 'पाणी आणू व्हय' म्हणजे मसाला जमला. चार वर्षं गेली. दोघांनी या विषयावर कधी एक शब्दसुद्धा काढला नाही.

अशात विहान कारखानीसची माणसं भागात फिरायला लागली. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसणारा, दाढी कोरलेला हा शेफ पुण्यात सीमाभागातल्या जेवणाचं मोठं हॉटेल काढत होता, आणि त्याला हात इथलेच पाहिजे होते. बुडायला आलेल्या खानावळी त्याची माणसं बरोबर हेरायची. संकेश्वरच्या एका धाब्यावरचा भरमू आचारी दिवाळीत त्यांनी उचलला. तो गेल्यावर धाब्याचा मालक नुसतं ऑम्लेट-पाव विकत बसला. निपाणीत एका मालकानं तर आपल्या आचाऱ्याला परक्या गिऱ्हाइकापुढं यायचीच बंदी केली.

परशरामला शेफकडं काम करणाऱ्या ऋतिका नावाच्या मुलीचा फोन आला. शेफ स्वतः येऊन त्याचं काम बघणार होते. पसंत पडलं तर हॉटेलच्या मुख्य भट्टीवर तोच.

"संगट एक बाई आणली तर चालंल काय?" परशरामनं विचारलं.

"नाही हो काका. फक्त तुम्ही."

मारुतीरावांना त्या मुलीनं वेगळंच सांगितलं. शेफना तुमची खानावळ बघायची आहे, जमलं तर चित्रीकरण करू. मारुतीरावांनी पाटी रंगवून घेतली, भिंतींना चुना मारला, नवी ताटं आणली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "आपली खानावळ टीव्हीवर येणार!" परशराम भट्टीपुढं उभा राहून हे ऐकायचा आणि मान खाली घालून कढई ढवळत राहायचा. इकडं जयाबाईनं माहेरी फोन करून पुण्याला जाणार म्हणून सांगूनही टाकलं होतं. ज्या माणसानं बावीस वर्षं भाकरी दिली त्याच्याशी लबाडी, आणि ज्याच्याकडं जायचं त्याच्याशीही लबाडीच. आपण नेमकं कुणाला फसवतोय, हे त्याचं त्याला उमगेनासं झालं.

नीलमला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. पण त्याचं फोनवरचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. शेफ यायच्या दिवशी सकाळी कांदा चिरता चिरता तीच म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय आडवी पडणार हुते व्हय?"

परशरामचा हात थांबला.

"जावा की. लई चांगलं हाय. पर पुण्याला वास कोण बघणार, अण्णा?"

 मोठ्या भटारखान्यात दहा माणसं असतील, कुणाचं तरी नाक मिळेल, असं काहीतरी तो मनाशी धरून होता. ते बोलायचीही त्याला लाज वाटली.

दहाच्या सुमारास पांढरी गाडी थांबली. शेफ टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बुटका होता आणि बोलायला मृदू. मारुतीरावांनी हार आणला होता, तो त्यानं हातातच घेतला. चहा नको म्हणाला. थेट भटारखान्यात आला, भट्टी बघितली, मसाल्याचे डबे उघडून बघितले.

"तासभर इथं फक्त मी आणि परशरामअण्णा. बाकी सगळे बाहेर."

मारुतीराव हसत हसत बाहेर गेले. नीलम जागची हलली नाही. शेफनं तिच्याकडं बघितलं. "ताई, तुम्हीसुद्धा." ती पदरानं हात पुसत मागच्या दारानं भांडी घासायच्या दगडाकडं गेली. दगडाच्या वर भटारखान्याची खिडकी होती.

परशरामनं कढई ठेवली. तेल टाकलं. हात सरावानं चालत होता, पण कान त्या खिडकीकडं लागले होते. धने, तीळ, खसखस, दगडफूल. मग खोबऱ्याच्या वाट्यांचे काप. शेफ त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. बाहेर फाउंड्रीचा पंखा घरघरत होता, त्यात तेलाचा बारीक आवाज पार बुडून गेला. रोज सकाळी नऊच्या आत मसाला भाजून व्हायचा, तेव्हा तो पंखा सुरू झालेला नसायचा.  आवाजही गेला. राहिला नुसता रंग, आणि नव्या चुन्याच्या भिंतीवरचा उजेड डोळ्यांवर मारत होता.

कापाच्या कडा तांबूस झाल्या. झालं का? अजून थोडं? त्यानं उलथणं फिरवलं. शेफची मान किंचित पुढं झुकली.

तेवढ्यात खिडकीतनं हाक आली, "अण्णा, जाळ कमी करू व्हय?"

परशरामनं झटक्यात कढई उचलली.

शेफनं खिडकीकडं बघितलं. मग शेगडीकडं. मग परशरामकडं. "त्या बाहेर आहेत," तो हळूच म्हणाला. "जाळ कसा कमी करणार?"

परशरामनं कढई खाली ठेवली.

शेफनं जाऊन खिडकी लावली, कडी घातली. परत येऊन म्हणाला, "छान भाजलंय. आता कांदा टाका. आणि मला तेलाकडं न बघता, नुसत्या वासावर सांगा, कधी झाला ते."

परशरामनं भाजलेला मसाला ताटात काढला, कढईत तेल सोडून कांदा टाकला. चर्र झालं, धूर वर आला. डोळ्यांना पाणी आलं, नाकात झणझणलं, आणि त्यापलीकडं काही नाही. कोऱ्या भिंतीशी तोंड लावून उभं राहावं तसं. आता झाला म्हणावं? की थांबावं? अंदाजानं एखादा शब्द बोलला असता तर कदाचित बरोबरही आला असता. बावीस वर्षांचा अंदाज होता तो. तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

"मला वास येत न्हाय, साहेब. चार वर्सं झाली."

त्यानं गॅस बंद केला. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. शेफ रागावला नाही. जास्त काही विचारलंही नाही. मागचं दार उघडून त्यानं नीलमला आत बोलावलं.

"हा मसाला बघा. काय वाटतं?"

नीलमनं परशरामकडं बघितलं. त्यानं मान हलवली. तिनं ताटावर वाकून एकदाच श्वास घेतला.

"खोबरं बरोबर हाय. दगडफूल हातानं जास्त पडलंय, घाबरल्यात म्हणून. खसखस जुनी हाय, खवट व्हायला लागलीय. डबा फेका तो."

शेफनं डब्यातली चिमूटभर खसखस तळहातावर घेऊन हुंगली. डबा बाजूला ठेवला आणि तो नीलमकडं वळला. "ताई, पुण्याला याल?"

दाराशी मारुतीराव उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. हातात चहाचा ट्रे होता. "चित्रीकरण न्हाईच काय मग?" ते म्हणाले.  मग ते परशरामकडं वळले. "चार वर्सं? म्हंजे मी चार वर्सं कुणाचा हात इकत हुतो रं?"

परशरामनं नीलमकडं बोट केलं. त्या दिवशी कडोलीला तो बसनं गेला नाही, चालत गेला. आणि घरी पोचल्यावर जयाबाईला सगळं सांगितलं. ती रागावली ती पुण्यावरनं नाही. "चार वर्सं माझ्या हातचं जेवताना छान झालंय म्हणत हुतासा," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

तीन दिवस परशराम नीलमशी बोलला नाही. रागच म्हणा. आपणच खरं बोललो, आणि आपल्यालाच रिकामं राहावं लागलं. तिच्या नाकाचा त्याला हेवा वाटत होता, आणि हेवा वाटतो याची चीडही येत होती. चौथ्या दिवशी ती परात बाजूला सारून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"मी त्यास्नी सांगितलंय, भाकऱ्या थापायला येणार न्हाय. आचारी म्हणून घ्याचं तर घ्या. त्यांनी व्हय म्हटलंय. आता तुमी बोला. तुमी नको म्हणलासा तर मी हितंच."

ती खरंच थांबली असती. हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच 'नको' हा शब्द त्याच्या अगदी ओठावर आला. तो भट्टीकडं तोंड करून उभा राहिला. तसाच पाठमोरा म्हणाला, "पुण्यातल्या भरमूला सांग, तुझ्याकडं लक्ष ठेव म्हणून. तुझ्याच पानावर वाढलंय हे. जा."

नीलम त्याच्या पाया पडली. 

ती गेल्यावर मारुतीरावांनी परशरामला काढलं नाही. ठेवलं का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बावीस वर्षांत एरवी गल्ला न सोडणारा तो माणूस आता सकाळी मसाल्याच्या वेळी भट्टीपाशी उभा राहायला लागला. त्यांचं नाक तंबाखूनं मारलेलं. पहिल्या आठवड्यात दोनदा मसाला करपला आणि दोघं एकमेकांवर ओरडले. परशराम डॉक्टरकडंही गेला. डॉक्टरनं लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी रोज दोन वेळा हुंगायला सांगितलं, आणि एवढ्या उशिरा आलात म्हणून बोलही लावले. येईल का, याचं वचन दिलं नाही. अजून तरी काही आलेलं नाही.

पुण्याहून नीलमचा फोन येतो. मिक्सरचा आवाज सहन होत नाही म्हणते, बाकी झकास आहे म्हणते.

गेल्या मंगळवारी फाउंड्रीत साचे बनवणारा एक म्हातारा मोल्डर जेवता जेवता म्हणाला, "आज जरा करपट लागतंय." पूर्वी असं कुणी बोललं की परशराम आतनंच भांडं आपटायचा. या खेपेला तो हात पुसत बाहेर आला, म्हाताऱ्याच्या समोर बाकावर बसला आणि म्हणाला, "सुरवातीलाच लागतंय, का गिळल्यावर मागनं येतंय? नीट आठवून सांगा."

म्हाताऱ्यानं आणखी एक घास घेतला, डोळे मिटले आणि विचार करायला लागला. परशराम त्याच्या तोंडाकडं बघत थांबला.