आमची गादी सरकली

माझ्या आयुष्यात मोटारीचा अपघात एकदाच झाला आणि त्यात आमची मोटार कापसावर आदळली.

हसू नका. कापूस मऊ असतो हे मलाही ठाऊक आहे, आमच्या सात पिढ्या कापूस पेरण्यात गेल्या. पण बैलगाडीत कोंबून भरलेल्या कापसात भरधाव मोटार (भरधाव म्हणजे बैलांपेक्षा जरा जास्त) जाऊन रुतली, की मोटार थांबते, मोटारीतला माणूसही थांबतो, फक्त त्याचं डोकं थांबत नाही. ते पुढे जाऊन परत येतं. माझं तसं गेलं आणि आलं.

ही हैदराबाद सरकारच्या अमदानीतली गोष्ट. मी जालन्याच्या तहसील कचेरीत उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे दिवसभर कागदांच्या नकला काढायच्या आणि खरा नकलनवीस घरी कधी जातो याची वाट बघायची. मी दोन वर्षं वाट बघितली तेव्हा कुठे ते बुजुर्ग गृहस्थ निवृत्त झाले आणि तहसीलदारसाहेबांनी हुकूम काढला: पंधरा दिवसांनी परीक्षा, तीन उमेदवार, ज्याचं उर्दू अक्षर सर्वांत सुरेख त्याला जागा. अक्षर माझं होतं! उंची नव्हती, वशिला नव्हता, आवाजही बेताचाच, पण माझा अलिफ (उर्दूतलं पहिलं अक्षर, नुसती उभी रेघ) असा ताठ उभा राहायचा की बघणारा आपोआप सरळ बसे. त्या अलिफावर मी बायको केली होती, भाड्याची खोली घेतली होती आणि गावाकडून आत्याला आणून ठेवलं होतं.

हुकूम निघाला त्याच आठवड्यात मी आणि आत्या जाफराबादकडच्या आमच्या गावाहून परत येत होतो. भोकरदनला दाजी भेटले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते जालन्याच्या एका सेठजींच्या मोटारीवर डायव्हर होते. सेठजींना भोकरदनला लग्नघरी सोडून ते रिकामी मोटार परत नेत होते.

"चला की! बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेऊ राह्यले कशाला?" दाजी म्हणाले.

आत्या मागे बसली, मी पुढे. कोसभर गेल्यावर आत्यानं विचारलं, "जावईबापू, हे पों पों कुठून वाजतं हो?" दाजींना एवढंच हवं होतं. भोंग्याचा रबरी फुगा कसा दाबायचा हे दाखवायला ते अख्खे मागे वळले.

"दाजी, म्होरं बघा! गाडी हाय म्होरं!" मी ओरडलो.

"तुम्ही बिनघोर ऱ्हावा. हा रस्ता मला बराबर पाठ आहे."

रस्ता पाठ होता, पण त्यावरची गाडी पाठ नव्हती. आम्ही कापसात शिरलो. गाडीवान खाली उतरला. त्यानं आधी कापूस बघितला, मग बैल बघितले, मग माझ्या टोपीवरचा कापूस झटकून परत गाडीत टाकला. "काई झालं न्हाई, पाव्हणं. जावा आता," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवलो आणि अपघाताची गोष्ट शेजारी तीनदा सांगितली.

सकाळी उठलो तर मान डावीकडे वळून तिथेच राहिलेली! सरळ चालायला लागलो की भिंतीला लागत होतो. तेही चाललं असतं, पण खांद्यापासून उजव्या हातात एक कळ सळसळत खाली जायची, आणि अंगठा व त्याच्या शेजारची दोन बोटं माझी राहिलीच नव्हती. त्यांना नुसत्या मुंग्या. चहाची पितळी हातातून सुटली. सदऱ्याची गुंडी लागेना. मी घाईघाईनं बोरूची लेखणी घेतली आणि अलिफ काढला. तो आडवा झोपला! दुसरा काढला, तोही पहिल्याच्या शेजारी जाऊन झोपला.

ज्या तीन बोटांवर आमचं घर उभं होतं, नेमकी तीच गेली होती.

आत्यानं तेल चोळलं, मीठ शेकलं, आणि शेवटी जाहीर केलं, "न्हाव्याला बोलवा. एका झटक्यात मान मोडून देतो."

"एक झटका बसलाय तेवढा पुरे!" माझी बायको गोदा म्हणाली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली. (मीच गेलो असं मी नंतर सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे मला डावीकडचंच दिसत होतं, तिनं हाताला धरून नेलं.) आत्याही आलीच.

डॉक्टरांनी मान चाचपली, बोटांना टाचणी टोचली आणि समजावून सांगितलं, "मानेच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. झटका बसला आणि ती गादी सरकली. बाजूची शीर तिच्याखाली दाबली गेली, म्हणून बोटं बधिर झाली. आता वजन लावू. गादी हळूहळू बसेल परत."

"आणि बोटं?" मी विचारलं. "डॉक्टरसाहेब, बारा दिवसांनी माझी परीक्षा आहे."

"मुंग्या बोटांतून कमी होत वर सरकायला लागल्या, तर समजा सुटलात. हातातली ताकद आणखी गेली, तर मात्र हैदराबादला जावं लागेल."

घरी येऊन मला खाटेवर उताणा झोपवलं. हनुवटीखालून कापडी पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी खाटेच्या डोक्याकडून खाली, आणि दोरीच्या टोकाला दोन विटा. अशा थाटात मी छताकडे बघत पडलो. बोटांना काही कळतंय का, हे दर घटकेला तपासत होतो. काही कळत नव्हतं.

इकडे आत्या पाण्याला गेली. विहिरीवर बायकांनी विचारलं, दामूचं काय झालं? आत्यानं डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आत्याची स्मरणशक्ती दांडगी, पण सुरुवात कुठून करावी हे तिला कधी कळलं नाही. मणके ती विसरली.

"गादी सरकली बाई!"

दुपारी एक पिंजारी दारात हजर! "गादी पिंजायची म्हणं तुमची. कापूस येका बाजूला सरकलाय का?" गोदानं त्याला समजावून परत पाठवलं. जाताना तो माझ्या विटांकडे बघत म्हणाला, "गादी भरायला इटा कशाला वापरू राह्यले?"

इथवर ठीक होतं. पण विहिरीवरची बातमी तोवर पेठेत पोचली होती. आता त्या काळी गादी म्हटलं की जालन्याच्या पेठेत एकच गादी आठवे, हैदराबादची! आणि आत्याचं एकेक वाक्य तिला असं चपखल बसलं की मी स्वतः रचून सांगितलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

"गादी सरकली म्हणं!"

"काय सांगता? कधी?"

"काल म्हणं. येका झटक्यात सरकली. बाजूचे समदे दाबले गेले."

"मंग आता?"

"वजन लावू राह्यले. हळूहळू बसंल परत. न्हाई बसली तर हैदराबादला जावं लागंल."

"पण खबर पक्की का?"

"बिलकुल पक्की! तहसीलीतल्या माणसाच्या घरातून आली."

तहसीलीतला माणूस म्हणजे मी! एका दुकानदारानं गुपचूप पेढे वाटले, दुसऱ्यानं फळ्या लावून दुकान बंद केलं, आणि तिसऱ्यानं आधी फळ्या लावून मग आत बसून पेढे वाटले. दाजी तर मोटार घेऊन सेठजींना आणायला भोकरदनला पळाले, आणि ही खबर त्यांनी वाटेतल्या प्रत्येक गावाला फुकट पोचवली. भोंगा वाजवून!

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात अमीनसाहेब उभे राहिले. अमीन म्हणजे पोलिसांचा अंमलदार. उंचेपुरे, मिशा पिळलेल्या, मागे दोन शिपाई. पेढ्यांवरून विहिरीपर्यंत आणि विहिरीवरून आत्यापर्यंत त्यांनी माग काढला होता. आत पाऊल टाकलं आणि त्यांना गळ्याशी दोरी बांधलेला मी दिसलो.

"अरे अरे! फांसी लेरा क्या?" ते ओरडले आणि धावत येऊन विटा उचलून धरल्या.

"नाही साहेब, इलाज चालू आहे," मी दात मिटूनच म्हणालो. पट्ट्यामुळे तोंड उघडत नव्हतं.

"दामोदर तूच? गद्दी सरक गई बोलके खबर इसी घर से निकली. सच्ची बोल, किसने सरकाई?"

मी घाबरून बोलणार, तोच आत्या मध्ये पडली. भाच्यावर आळ आलेला तिला खपेना.

"साहेब, यानं काई सरकवली न्हाई! याचीच सरकली!"

"इसकी?" अमीनसाहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "ये कब से गद्दी पे था?"

"जल्मापासून! डॉक्टर म्हणले, समद्यांनाच असती. तुमच्यात बी हाय."

"हमारे में भी?"

"हौ! मानंत! तुमची पण सरकंल येखाद्या दिशी. आता येवढ्या इटा धरून वाकलात, जपून उठा."

अमीनसाहेबांनी विटा फार हळू खाली ठेवल्या आणि स्वतःची मान चाचपून बघितली.

मग त्यांनी कागद-दौत मागवली. "जबानी लिख के दे. अपने हाथ से."

मी लेखणी धरली. ती पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली.

"बहाना नक्को. तहसील का नकलनवीस, और लिखना नहीं आता?"

त्यांनी एका शिपायाला डोळ्यानं खुणावलं. शिपायानं कागदांची टाचणी काढून माझ्या अंगठ्यात टोचली. रक्ताचा थेंब आला. तो मला दिसला, पण टोचलेलं कळलं नाही. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं त्या थेंबासरशी सुटलं. दोन शिपाई, एक अमीन, बायको आणि आत्या यांच्यासमोर मी हमसून हमसून रडलो. परीक्षेचं सांगितलं, दोन वर्षांचं सांगितलं, झोपलेल्या अलिफाचंही सांगितलं. अटकेची भीती मला राहिलीच नव्हती, हात परत येणार नाही याचीच होती.

अमीनसाहेब खाली बसले. मग त्यांनी लेखणी उचलली आणि माझी जबानी स्वतःच्या हातानं लिहून घेतली. डॉक्टरांकडे शिपाई पाठवून खात्री करून घेतली. निघताना म्हणाले, "रो नक्को. आ जाते उंगलियां." आणि आत्याकडे वळून, "अम्मा, अब मुंह बंद रखना." वळताना ते मानेसकट अख्खेच वळले.

पुढचे दिवस विटा, छत आणि मी. हाताची कळ आधी मनगटापाशी थांबली, मग कोपरापाशी. परीक्षेला तीन दिवस उरले असताना गोदानं चहासाठी पट्टा सोडला आणि पितळी माझ्या उजव्या हाताला टेकवली.

"आई गं! भाजलं!"

"कुठं?"

"अंगठ्याला!" मी अंगठा डोळ्यांपुढे धरला. "गोदा, अंगठ्याला भाजलं! पुन्हा टेकव!"

तिनं पुन्हा टेकवली, पुन्हा भाजलं, आणि ती पितळी हातात धरूनच रडायला लागली. मी दुसऱ्या बोटाला लावून घेतली, मग तिसऱ्या. तिन्ही बोटं भाजली! इतकं सुख मला आजवर कशानं झालेलं नाही. आत्या साखरेचा डबा घेऊन दाराकडे निघाली, तेव्हा आम्ही दोघांनी धावून तिला धरलं.

परीक्षेला गळ्याभोवती पंचा गुंडाळून बसलो. अलिफ उभा राहिला. पहिला जरा कलला, बाकीचे ताठ. तहसीलदारसाहेबांनी कागद उजेडात धरला, दोनदा मान हलवली (काय सहज हलवतात लोक!) आणि जागा मला दिली.

दुसऱ्या दिवशी, नेमणूक झाल्यावरचं पहिलंच काम म्हणून, एक कागद माझ्यापुढे आला. औरंगाबादला पाठवायचा होता, तीन नकला हव्या होत्या. अमीनसाहेबांची कैफियत होती: "अफवेची कसून चौकशी केली. सदर इसम दामोदर याजकडून सरकारच्या गादीस कोणताही धोका संभवत नाही. सदर इसमास स्वतःची मानही वळवता येत नाही. तो टाचणीस भीत नाही, परंतु रडतो फार. असा इसम काहीही सरकवू शकेल असे वाटत नाही."

मी बोरू टोकदार करून घेतला. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं सुरेख अक्षर पुन्हा आलं नाही. तिन्ही नकला ओळ न् ओळ मुळाशी ताडून पाहिल्या, आणि कायद्याप्रमाणे प्रत्येकीच्या खाली "मजकूर बरोबर आहे" असा दाखला लिहून ठसठशीत सही केली.