खाल्ली सुपारी, ठराव मंजूर

हुकूम हाय म्हणून लिवतो. न्हाईतर मला काय हौस हाय? चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी. आमच्या हळद कंपनीचा वार्षिक अंक निघून राहिला, त्यात म्हणे 'बदलत्या जगातलं संस्थेचं नेतृत्व' या विषयावर आबांचे दोन शब्द पायजेत. दोन शब्द मी तिथंच सांगितले. ते छापता येत न्हाईत म्हणे!

नेतृत्व म्हणजे काय ते मला अजून कळलं न्हाई. किस्से मात्र गोदामात पोती रचावीत तसे रचले गेलेत. खालचं एक ओढावं तर वरची चार अंगावर येतात.

तर कंपनी अशी. वसमतच्या मोंढ्यात हळद नेऊन दिवसभर व्यापाऱ्यांच्या तोंडाकडं बघत बसायचा कंटाळा आला, म्हणून गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढली. अध्यक्ष मी. काहून मी? पयल्या बैठकीला खुर्ची एकच होती अन् माझे गुडघे दुखत होते. मी बसलो. बाकीचे सतरंजीवर. तेव्हापासून मीच!

डायरेक्टर मोजके. मी. माझा लहानपणचा दोस्त ग्यानबा. ट्रॅक्टरवाले अन्वरभाई. ग्यानबाची सून शीतल, सेनगावकडची लेक, शेतीची डिग्री घेतलेली. आणखी दोघं हायेत, पण ते बैठकीतबी बोलत न्हाईत, मग इथं कशाला येतील?

आमच्यात हात वर करायची पद्धत न्हाई. ठराव वाचला की ग्यानबाची पान-सुपारीची चंची निघते. तो अडकित्त्यानं सुपारी कातरतो. ज्याला ठराव पटला त्यानं खांड तोंडात टाकायचं. ज्याला न्हाई पटला त्यानं चंची तशीच पुढं सरकवायची. एकानं जरी सरकवली तर ठराव गेला. भांडण न्हाई, कोणाच्या तोंडावर न्हाई म्हणायची तकलीफ न्हाई. शेवटचं खांड अध्यक्षाचं.

यंदा गावात कुजबुज सुरू झाली, अध्यक्ष बदला म्हणून. मी ठरवलं, उठायचं न्हाई. अन् भ्यायचं तरी कशाला? मी सुपारी खात न्हाई तोवर मला कोणी उठवू शकत नव्हतं!

*

पयल्यांदा पुण्याहून एक साहेब आले, आमाला लीडर करायला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. मला वाटलं हरवू नये म्हणून घरच्यांनी घातला असंल.

साहेबानं ग्यानबाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला अन् मला म्हणले, "आबा, तुम्ही लीडर. फक्त बोलून यांना त्या लिंबाच्या झाडापर्यंत न्यायचं. हात लावायचा नाही."

मी सुरू केलं. "ग्यानबा, उजवीकडं! आता सरळ! अरे सरळ म्हणलो!"

ग्यानबानं दोन पावलं उजवीकडं टाकली, नाक वर केलं अन् तडक डावीकडं निघाला. शेडच्या मागं भजी तळून राहिले होते! वाटेतला दगड चुकवला, पाण्याची नळी ओलांडली अन् कढईपासून हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला. मी लीडर, मागून पळून राहिलो.

साहेब म्हणले, "आबा, तुमची टीम तुमचं ऐकत नाही."

मी म्हणलो, "ऐकत न्हाई साहेब, पण चुकलीबी न्हाई!"

साहेबानं ते वहीत उतरवून घेतलं. पुण्यात कोणाला शिकवून राहिले असतील तर ठाव न्हाई.

*

मग शीतल म्हणली, "आबा, दरवेळी समद्यांना शेतातून बोलवायला नको. बैठक मोबाईलवर घेऊ."

मी म्हणलो, "अन् चंची मोबाईलमधून कशी फिरवू?"

तिनं तोडगा काढला. ज्यानं त्यानं आपल्या घरची सुपारी घेऊन बसायचं अन् मान्य असंल तर कॅमेऱ्यापुढं खायची. मला ते लई आवडलं. वाटलं, पोरीच्या डोक्यात काहीतरी हाय.

ठराव होता हळद पॉलिश करायचा नवा ड्रम घ्यायचा. अन्वरभाईंचा त्याला विरोध. जुना ड्रम त्यांनीच जमवून आणलेला, जीव होता त्याच्यावर. बैठक सुरू झाली. ग्यानबाचा नुसता कान दिसून राहिला. त्या दोघा गप्प डायरेक्टरांचं तर छतच दिसत होतं. शीतलनं ठराव वाचला. एकेकानं खाल्ली. अन् बघतो तर काय, अन्वरभाईंचंबी तोंड हलून राहिलं!

"मंजूर!" मी म्हणलो.

"क्या मंजूर?" अन्वरभाई दचकले. "अरे, मैं तो खाना खा रहा हूँ! ये भाकर है, भाकर!"

"ठराव वाचल्यावर तोंड हललं का न्हाई?"

"आबा, भूक लगी तो हलेगाच ना!"

मी अध्यक्ष होतो. तिथल्या तिथं निकाल दिला, "ठराव वाचल्यावर तोंडात गेलं म्हणजे मंजूर. मग सुपारी असो का भाकर. गेलेलं माघारी येत न्हाई!"

ड्रम आला. चांगला निघाला. पण अन्वरभाईंनी त्या दिवशी माझ्याकडं जे बघितलं ते मी तवा हसण्यावारी नेलं.

*

नरसीला एका मंगल कार्यालयात आसपासच्या कंपन्यांचा मेळावा होता. अध्यक्षांनी 'उद्याचं नेतृत्व' यावर बोलायचं. मी आमंत्रण शीतलपुढं सरकवलं.

शीतल म्हणली, "काळजी नका करू आबा." तिनं मोबाईलला सांगितलं अन् मोबाईलनं भाषण लिवून दिलं! असं भाषण, की वाचताना मलाच माझा आदर वाटला. चार दिवस म्हशीपुढं पाठ केलं.

मेळाव्यात माझ्या आधी शेजारच्या तालुक्यातले एक अध्यक्ष उठले. नवं जाकीट, नवी टोपी. बोलायला लागले. पयलं वाक्य माझं! दुसरंबी माझं! मधे एक दिव्याचं उदाहरण होतं, तेबी माझंच! म्हणजे त्यांच्याकडंबी मोबाईल होता.

माझी पाळी आली. उभा राहिलो. म्हणलो, "आत्ता ते जे बोलले, तेच मलाबी बोलायचं होतं. जेवण थंड होऊन राहिलंय. जय हिंद!"

टाळ्या थांबेनात. त्या दिवशीचं सगळ्यात भारी भाषण माझं ठरलं.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. परत येताना जीपमधे मी शीतलचा मोबाईल घेतला अन् त्यालाच विचारलं, "भाषण तू लिवतो, हिशेब तू करतो, हवामान तू सांगतो. मग अध्यक्ष कशाला पायजे?"

तो म्हणला, "हा फार चांगला प्रश्न आहे."

ग्यानबा साठ वर्सं माझ्यासंगं हाय. एकदा तरी असं म्हणला का?

*

हळद शिजवायच्या दिवसांत एकदा बॉयलरची पाण्याची मोटर जळाली. कामाच्या बाया सकाळपासून उन्हात बसून. बडबड सुरू झाली. अशा वेळी अध्यक्षानं काय करायचं ते मला ठाऊक होतं. आधी मोटरवाल्याला शिव्या, मग लाईटवाल्याला, मग सरकारला.

मी घसा साफ करतो तोवर शीतल पुढं झाली. "मावशी, चूक माझी हाय. मोटर आधी तपासायला पायजे होती, मी न्हाई तपासली. सॉरी."

ग्यानबा माझ्या कानात म्हणला, "सुनेनं कंपनी बुडवली रे सख्या! उद्यापासून बाया डोक्यावर बसतेत."

दुसऱ्या दिवशी बाया आमच्या आधी हजर. एकीनं तर शीतलसाठी घरून ठेचा आणला. मला कोणी कधी ठेचा आणला न्हाई!

मला त्या सॉरीचं नवल वाटलं. एवढुसा शब्द, अन् काम करतो! म्हणलं, करून बघावं. घरी गेलो. बायको, आमची म्हातारी, चुलीपाशी होती. मी तिच्यापुढं उभा राहिलो अन् म्हणलो, "हे बघ, आजपर्यंत माझ्याकडून काही चुकलं असंल तर सॉरी."

म्हातारी उठली. हात पदराला पुसला, माझ्या कपाळाला लावून बघितला अन् पोराला हाक मारली, "आरं, गाडी काढ लवकर! ह्यायला दवाखान्यात न्यायचंय!"

दुसऱ्या दिवशी मी ग्यानबाला म्हणलो, "तूबी एकदा म्हणून बघ."

"मी कधी चुकलोच न्हाई, तर म्हणू कशाला?" ग्यानबा म्हणला.

*

आता बैठकीचं.

त्या दिवशी सकाळीच ग्यानबा माझ्या ओट्यावर आला. म्हणला, "सख्या, मी हाय तोवर तुझी खुर्ची कोण हलवतो ते बघतो!" माझं मन भरून आलं. मी त्याला दोनदा चहा पाजला.

दुपारी गोदामात बसलो. मी खुर्चीवर, ग्यानबा माझ्या पायाशी सतरंजीवर, नेहमीसारखा. अन्वरभाईंनी ठराव मांडला. "आबा, बुरा मत मानो. जमाना बदल गया. अध्यक्ष शीतलबेटी को करना."

शीतल खाली मान घालून बसली. मी हाताची घडी घातली अन् दात आवळून धरले. म्हणलं, फिरवा चंची!

चंची फिरली. अन्वरभाईंनी खाल्ली. त्या दोघा गप्प डायरेक्टरांनी खाल्ली. शीतलनं माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले अन् खाल्ली. चंची ग्यानबाकडं आली. मला वाटलं, आता हा सरकवतोय. त्यानं सरकवली न्हाई अन् खाल्लीबी न्हाई. अडकित्ता घेऊन कातरत बसला. कातरता कातरता म्हणला, "सख्या, त्या दिवशी वयनीनं तुझं कपाळ बघितलं, तवा ताप किती निघाला रं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अन्वरभाई म्हणले, "कायका ताप?"

आता असा किस्सा असताना माणूस गप कसा बसंल? मी सांगायला लागलो. म्हातारी कशी उठली, हात कसा पुसला, ते करून दाखवलं. "गाडी काढ लवकर!" हे तर मी तिच्या आवाजात म्हणलो. अन्वरभाई मांडीवर थापा मारून राहिले. शीतलच्या डोळ्यांतून हसून पाणी. ते दोन गप्प डायरेक्टर जन्मात पयल्यांदा आवाज करून हसले! मीबी हसून राहिलो. त्या हसण्यात ग्यानबाचा तळहात माझ्यापुढं आला, जसा आयुष्यभर येतो. त्याच्यावर खांड. मी उचललं अन् तोंडात टाकलं. ग्यानबानं आपलं टाकलं.

हसणं थांबलं. गोदामात फक्त माझ्या दातांचा आवाज.

"मंजूर!" अन्वरभाई म्हणले.

मी थुंकायला उठलो. अन्वरभाईंनी हात आडवा केला. "आबा, तोंडात गेलं म्हणजे मंजूर. सुपारी असो का भाकर. आपकाच निकाल है!"

शीतल उठून पाया पडली. म्हणली, "आबा, सॉरी." मी खुर्चीवरून उठायला लागलो तर तिनं खांदा दाबून खाली बसवलं. "खुर्ची तुमचीच ऱ्हाऊ द्या. तुमचे गुडघे दुखतेत. मी सतरंजीवर बरी हाय." अन् बसली सतरंजीवर, सासऱ्याच्या शेजारी.

आता खुर्ची माझ्याकडं, अन् अध्यक्षपण खाली सतरंजीवर! तिथं बसल्या बसल्या तिनं पयला हुकूम काढला: आबांनी अंकासाठी लिवायचं. म्हणून हे.

शीतल सॉरी म्हणली. अन्वरभाई ईदला शिरखुर्मा घेऊन आले अन् गळ्यात पडून म्हणले. त्या दोघांपैकी एकजण तर चक्क बोलला, अन् तेच बोलला. राहिला एकच. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येतो, सुपारी कातरतो, तळहात पुढं करतो, अन् मी खातो.

ग्यानबा.